दुनळीची किंमत

बंदूकवालीच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एकच बाक होता, आणि दादा व नाना गेल्या एकतीस वर्षांत एका बाकावर बसले नव्हते. आक्काने मध्ये बसून तो प्रश्न सोडवला. भावंडांत ती सगळ्यांत थोरली, शहात्तर वर्षांची आणि अंगाने भरलेली. दोन भावांमधली जागा ती एकटी सहज भरून काढत असे. नानांची बायको, जिला सगळं घर नानी म्हणे, ती मात्र दाराशीच उभी राहिली.

"बस की गं," आक्का म्हणाली.

"मी बसायला आलेले नाही. ती वस्तू घरातून गेली की मी सुटले."

ती वस्तू समोरच्या टेबलावर खाकी खोळीत पडली होती. नानांचे डोळे काचबिंदूने गेल्यात जमा होते आणि बंदुकीचा परवाना महिन्याभरात संपत होता, म्हणून त्यांनी ती या दुकानात देऊन टाकायचं ठरवलं. हे त्यांनी फक्त आक्काला सांगितलं, आणि कुणाला बोलू नकोस असंही सांगितलं. आक्काच्या पोटात काही राहत असतं तर हा शनिवार असा उजाडलाच नसता. दुसऱ्या दिवशी दादांचा निरोप आला : बापाची बंदूक आहे, तिची किंमत माझ्यासमोर होऊ दे.

"आक्का, त्याला विचार, परवाना आणलाय का," दादा म्हणाले.

"आक्का, त्याला सांग, परवाना टेबलावरच आहे," नाना म्हणाले.

"ऐकलंत ना दोघांनी? मग मी कशाला तोंड दुखवून घेऊ?" आक्का म्हणाली.

बंदूकवाली हे सगळं चष्म्यावरून पाहत होती. बाई पंचेचाळिशीची होती, हाताच्या रेषांत तेल मुरलेलं. वडिलांमागे तिने दुकान चालवायला घेतलं तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं पळाली होती आणि दोन वर्षांत गुपचूप परतली होती. तिने परवान्यावरचा आकडा बंदुकीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, बंदूक मधल्या सांध्यात उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, आणि मग ती खिडकीच्या उजेडात आडवी धरली. भिंतीलगतच्या लाकडी घोडीला टेकवलेल्या इतर बंदुका काळपट, तपकिरी होत्या. त्यांच्या चापांतून एक लांब साखळी ओवलेली होती. ही मात्र ताटासारखी चकाकत होती.

"कुणाची बनावट आहे ही?"

दादांनी घसा साफ केला. ही गोष्ट सांगायचा मान थोरल्याचा होता आणि तो त्यांनी आजही सोडला नाही. एका खाणीचा मोठा साहेब देश सोडून जाताना बाबांना ही देऊन गेला. त्याच्या बंगल्यातलं सगळं पितळ बाबांनी वीस वर्षं घासलं होतं. बनावट परदेशातल्या एका नामांकित कारखान्याची, तिथे राजेरजवाडे नंबर लावून थांबत. "बाबा म्हणायचे, या एका बंदुकीत आपल्यासारखे दोन कारखाने येतील."

"मग त्या कारखान्याचं नाव कुठे आहे?"

"इथे बाजूला होतं. घोड्याखाली."

बंदूकवालीने तिथे बोट फिरवलं. तिथे तिला स्वतःचा चेहरा दिसला. "हे कुणी केलं?"

आक्का म्हणाली, "आमचा धंदाच पॉलिशचा आहे, बाई. बफच्या चाकावर नळ, मुठी, बक्षिसाचे पेले, काय येईल ते चकचकीत करायचं. हात शिवशिवतात आमचे."

हे तिने कमी करूनच सांगितलं. या घरातल्या माणसाच्या हाती धातूचं काही द्या, तो बोलता बोलता रुमालाने घासायला लागतो. दादांनी एकदा दवाखान्यात आपला नंबर लागेपर्यंत दाराची मूठ अशी लखलखीत केली होती, की डॉक्टरांना वाटलं कुणी नवी बसवली. बंदूक तर वर्षातून एकदा सगळं घर मिळून घासत असे, धाकट्या सुनेपासून म्हाताऱ्यापर्यंत.

"जुन्या बंदुकीचा रंग म्हणजे तिचा जन्मदाखला," बंदूकवाली म्हणाली. "तुम्ही तो धुऊन काढलात."

दादांनी मान खाली घातली. नाव सगळ्या घराच्या घासण्याने झिजलं असं घरात सगळे मानत, आणि ते खोटं आहे हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती. तेविसाव्या वर्षी, बाबा माल पोचवायला दोन दिवस परगावी गेलेले असताना, त्यांनी बंदुकीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून थेट बफच्या चाकावर धरल्या होत्या. बाबा आले की खूश होतील एवढंच डोक्यात होतं. तपकिरी रंग गेला, चकाकी आली, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत नावही गेलं. बाबा परत आले, बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, "छान चमकतेय." बस्स. पुढे जन्मात त्यांनी तो विषय काढला नाही. ते रागावले असते तर दादा सुटले असते. ते "छान" त्यांना पन्नास वर्षं बोचत राहिलं.

म्हणून आजारी पडल्यावर बाबांनी जेव्हा सांगितलं, की एकाने कारखाना घ्या, एकाने बंदूक घ्या, आणि आधी धाकटा निवडेल, तेव्हा दादांना वाटलं, ही ती शिक्षा आली. नानांनी बंदूक निवडली. दादा सगळ्यांसमोर त्यांना हावरट म्हणाले, आणि तो शेवटचा शब्द. आता बाकावर बसून दादा मनात एकच घोकत होते : किंमत जास्त निघू दे. किंमत जास्त निघाली तर आपण खरे. आणि नाव गेलं म्हणून किंमत गेली असं ही बाई म्हणाली, तर धाकट्या भावाचा वाटा आपणच बफवर धरून उडवला आणि वर त्यालाच हावरट म्हणालो, असा त्याचा अर्थ होत होता. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि उगाच बाकाचा लोखंडी पाय पुसायला सुरुवात केली.

बंदूकवालीने नळ्या लाकडी दस्त्यापासून वेगळ्या केल्या. नळ्यांच्या खालचा भाग उघडा पडला. तिथे मात्र बाहेरून कुणाचं फडकं कधी पोचलं नव्हतं. तिने भिंग लावलं.

नानांना आता समोरचं तेवढं दिसत असे, दोन्ही बाजूंना अंधार. त्यांना फक्त तिचे हात दिसत होते, आणि हातांखालचा तो जुना शिकंजा, जबड्यांना चामडं लावलेला. शिकंजा तोच होता. एकतीस वर्षांपूर्वी त्यात हीच बंदूक होती आणि हातही असेच तेलकट होते, या बाईच्या बापाचे. चापाची कमान अडकली म्हणून नाना ती घेऊन आले होते. म्हाताऱ्याने आत पाहिलं आणि जे सांगितलं, ते हिला आता दिसतच असणार. नानांना त्याची भीती नव्हती. ही सांगेल, बंदूक कवडीमोल आहे. आपण म्हणू, असू दे, नशीब. दादा थोडा हळहळेल, थोडा सुखावेल, आणि विषय संपेल. फक्त आपल्याला हे आधीपासून माहीत होतं, हे त्याला कळता कामा नये. तेवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मभर सांभाळली होती, आणि ज्याला ती माहीत होती तो म्हातारा केव्हाच गेला होता.

त्या वेळी दादांची चार पोरं लहान होती आणि पॉलिशखेरीज दुसरं काही त्यांना येत नव्हतं. नानांना बस डेपोत चालकाची नोकरी मिळू घातली होती. त्या दोन मोटरींच्या कारखान्यात दोन घरं जगणं शक्य नव्हतं. पण "कारखाना तू घे" असं तोंडाने म्हटलं असतं, तर दादांनी मेले तरी घेतला नसता. उपकार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तेव्हा त्यांना आपणच लुटले गेलो असं वाटायला लावणं भाग होतं. नानांचा हिशेब होता की दादा महिना दोन महिने रुसतील. तो हिशेब साफ चुकला.

"हे पाहा," बंदूकवाली म्हणाली आणि भिंग दादांच्या हाती दिलं. "हे शिक्के नळ्या तपासल्याचे. आणि ही दोन अक्षरं बनवणाऱ्याची. तुम्ही म्हणता तो कारखाना इथे स्वतःचं पूर्ण नाव उठवतो. ही त्यांची नाही."

"मग कुणाची?"

"घरोघरी बंदुका बनवणारी गावं असायची. एका घरात नळ्या, दुसऱ्यात दस्ता, तिसऱ्यात चाप. तिथला मजबूत, स्वस्त माल आहे हा. दुकानदार गिऱ्हाइकाला आवडेल ते मोठं नाव वर कोरून देत. तुमच्या वडिलांनी ते नाव वाचलं असणार, त्यात ते खोटं बोलले नाहीत. नावच खोटं होतं."

दादा काही वेळ भिंगातून पाहत राहिले. मग त्यांनी ते खाली ठेवलं. "म्हणजे नाव घासलं गेलं नसतं तरी..."

"तरी मी हेच सांगितलं असतं. उलट खोट्या नावाची बंदूक विकायला त्रासच होतो."

"ते मी घासलं," दादा म्हणाले. "सगळ्यांनी नाही. मी एकट्याने. बफवर."

"मला माहीत आहे," आक्का म्हणाली. "चाकाला काळं लागलं होतं. मीच साफ केलं."

"आणि बोलली नाहीस?"

"एक गोष्ट तरी ठेवली ना मी पोटात."

नानी दाराशीच फिसकन हसली आणि मग हसले म्हणून स्वतःवरच चिडली. "ते राहू दे. किंमत किती, ते सांगा."

बंदूकवालीने दुकानात सगळीकडे पाहिलं, जणू आकडा कुठेतरी टांगलेला होता. "एक बरी सायकल येईल."

नानीने एकतीस वर्षं शाळेच्या पिशव्या शिवल्या होत्या, आणि शिवणयंत्रावरून मान वर केली की समोर कपाटावर ही बंदूक दिसे. पोरीची फी अडली तेव्हा ती म्हणाली होती, विकून टाका. छप्पर गळायला लागलं तेव्हाही म्हणाली होती. दर वेळी नाना म्हणाले, "वेळ आली की विकू." सासरचं कुणी भेटलं की म्हणे, तुम्हाला काय कमी आहे, तुमच्याकडे बंदूक आहे. आणि ती बंदूक म्हणजे एक सायकल. ती बाकाकडे आली आणि आक्काने सरकून जागा करायच्या आत टेबलाच्या कडेवरच टेकली.

"आक्का, त्याला सांग..." दादा म्हणाले.

"आक्का, त्याला सांग, असू दे," नाना शांतपणे म्हणाले. "मी निवडली, मला मिळाली. नशिबाचा भाग." त्यांना हलकं वाटत होतं. झालं होतं सगळं मनासारखं.

"दस्त्याला चीर आहे," बंदूकवाली म्हणाली. "आत कीड आहे का ते बघते, म्हणजे नेमकं सांगता येईल." खांद्याला टेकतो त्या टोकाच्या पट्टीचे दोन स्क्रू तिने सोडवायला घेतले.

पट्टी निघाली. लाकडात खोबणी होती, आणि खोबणीत मेणकागदाची बारीक घडी.

बंदूकवालीने हात थांबवला. "माझ्या बाबांची चिठ्ठी," ती हळूच म्हणाली. "जी बंदूक उघडतील तिच्यात ते एक चिठ्ठी ठेवायचे. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. आमच्याकडची रीतच आहे ती. मीही ठेवते."

"राहू दे ते," नाना एकदम उठून उभे राहिले. डोळ्यांच्या कडेच्या अंधारात टेबल चाचपताना त्यांचा हात स्क्रूवर पडला आणि एक स्क्रू घरंगळत गेला. "जुनं काय उकरायचं. परत ठेवा ती आत."

एवढं उतावळं बोलणं नानांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. डेपोत त्यांना सगळे थंडा म्हणत. म्हणूनच दादांनी प्रथमच आक्काच्या पुढून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. "वाचा," ते बंदूकवालीला म्हणाले.

तिने वाचलं. वडिलांचं अक्षर वाचताना ती मधेच थांबत होती. आधी तारीख. मग : "आणणारा, पॉलिशवाल्यांचा धाकटा मुलगा. एकटा आला. कमान बदलली. बनावट घरगुती, वरचं नाव खोटं होतं असं शिक्क्यांवरून दिसतं. किंमत एका सायकलची. सांगितल्यावर म्हणाला, कुणाला बोलू नका. कारण विचारलं नाही. माणूस खूश दिसला."

तारखेचा मेळ आधी आक्काला लागला. "वाटण्या झाल्या त्याच्या महिनाभर आधी," ती म्हणाली. "नाना, तुला माहीत होतं."

नाना हळूच खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं," नानी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि नानांना त्याचंच वाईट वाटलं. "एकतीस वर्षं मी या लोखंडाला शिव्या घातल्या. त्या तुम्हाला घालायच्या होत्या."

"त्याची चार पोरं होती," नाना म्हणाले. "आपली एकच, आणि माझी नोकरी ठरत आली होती. तुला सांगावंसं शंभरदा वाटलं. पण तुला सांगितलं असतं तर तू आक्काला सांगितलं असतंस."

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने पदराने तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

नानीला रडू येत होतं आणि तिला ते नको होतं. पिशव्यांचा एकेक टाका तिला आठवत होता. पण दादांची पोरं तिला आठवत होती तीही खरीच. ती शिकली, मार्गी लागली. त्यांतला मोठा अजून आईबापांच्या नकळत येऊन तिच्या हातचं जेवून जायचा, आणि तिचं शिवणयंत्र अडलं की फुकट नीट करून द्यायचा. "मला विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," ती शेवटी म्हणाली. "एवढं तरी ओळखायचं होतंत."

"चुकलं माझं," नाना म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं.

मग आक्का उठली. चिठ्ठी जवळून पाहायची आहे असं काहीतरी पुटपुटत ती टेबलाकडे गेली आणि तिने बाकाकडे पाठ केली. बाकावर मधली जागा रिकामी झाली. दोघे भाऊ दोन टोकांना बसून राहिले.

"नाना," दादा म्हणाले.

एवढ्या वर्षांनी स्वतःचं नाव त्या आवाजात ऐकून नानांनी मान वळवली, म्हणजे त्यांना दादांचा चेहरा दिसेल.

"मी तुला हावरट म्हणालो."

"म्हणालास."

"सगळ्यांसमोर."

"बरं झालं. सगळ्यांचा विश्वास बसला."

दादांना हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. "माझी पोरं त्या कारखान्यावर वाढली रे. रोज सकाळी मोटर चालू करताना मी तुला नावं ठेवायचो. रोज. आणि ती मोटर तूच दिलेली." त्यांनी डोळे पुसले. "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. तेव्हा कळलं असतं तर घेतले नसते मी."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"आता घेतो," दादा म्हणाले. "आता नाही म्हणण्याइतकी ताकद उरली नाही."

"त्या नावाचं मला माहीत नव्हतं," नाना थोड्या वेळाने म्हणाले. "ते तू घासलंस आणि मनाला लावून घेतलंस, हे कळलं असतं ना, तर तेवढं तरी कसंही करून तुझ्या कानावर घातलं असतं."

"मी तरी कुठे सांगितलं कुणाला," दादा म्हणाले. ते सरकले. बाक जुना होता, करकरला.

बंदूकवालीने हे सगळं न पाहिल्यासारखं करून हरवलेला स्क्रू टेबलाखालून शोधून आणला होता. आता तिने विचारलं, "मग ठेवून घेऊ का ही? सायकलीच्या भावात?"

"नाही," दादा आणि नाना एकदमच म्हणाले.

"माझ्या घरात नको," नानी म्हणाली.

बंदूकवालीने सांगितलं की नळ्या आतून कायमच्या बंद करून, तसा दाखला घेऊन, ती नुसती शोभेची म्हणून ठेवता येईल. दादा म्हणाले, कारखान्यात लावू, दारासमोरच्या भिंतीवर, आणि नानाने रोज येऊन ती आहे ना ते बघावं. नानांनी विचारलं की मला दिसणार कसं. दादा म्हणाले, चहा प्यायला दिसावं लागत नाही. नानीने अट घातली, की पहिला चहा मलाही हवा आणि बंदुकीला कुणीही फडकं लावायचं नाही. दादांनी रुमाल निमूटपणे खिशात ठेवला.

बंदूकवालीने वडिलांची चिठ्ठी होती तशी घडी घालून खोबणीत ठेवली. मग आपला एक कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं, तारीख लिहिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आणणारा कोण लिहू? परवाना नानांच्या नावावर आहे. धाकटा मुलगाच ना?"

"हो," नाना म्हणाले.

"थांबा," दादा म्हणाले. त्यांनी तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. ती लिहीत असताना ते तिच्या खांद्यावरून पाहत उभे राहिले, आणि लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद मागून घेतला.

"काय लिहिलंस?" नानांनी विचारलं. कागद त्यांच्या डोळ्यांपुढे आला होता, पण पेन्सिलीची अक्षरं त्यांना आता लागत नव्हती.

दादा त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना वाचून दाखवू लागले. "आणणारे," त्यांनी वाचलं, "पॉलिशवाल्यांचे दोघे मुलगे. बरोबर आले."

"पुन्हा वाच," नाना म्हणाले.

दादांनी पुन्हा वाचलं.